अरेका, पार्लर की केंटिया? घरातला पाम निवडताना

पाम घ्यायचा ठरला की आधी कुंडीची जागा ठरवा. नर्सरीत तिन्ही रोपं टवटवीतच दिसतात. खरा फरक घरी आणल्यावर, उजेडावरून कळतो.

अरेका ओळखायचा दांड्यांवरून. पिवळसर दांडे, त्यांवर बारीक काळे ठिपके आणि बांबूसारखी पेरं असलेल्या बुंध्यांचा झुबका. हे ठिपके बघून बरेच जण कीड समजतात आणि औषध फवारतात. खवलेकीड फुगीर असते, नखाने उचकटली की निघते. हे ठिपके झाडाचेच. नावामुळे सुपारी आठवते, पण हे झाड मादागास्करचं, सुपारी वेगळी. तिघांत हाच सगळ्यात भरभर वाढतो. त्याला पडद्याआडून येणारा भरपूर उजेड मात्र हवाच. आमचा अरेका हॉलच्या आतल्या कोपऱ्यात होता तेव्हा एकेक पान खालून वाळत गेलं. खिडकीशी आणल्यावर नवी पाती उलगडली. पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड त्याला सोसत नाहीत, पानांची टोकं करपतात. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

खिडकी लांब असेल तर माझं मत पार्लर पामला. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात तो मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढतो. बुंधा बारीक, हिरवा, आणि उंची टेबलावर मावेल इतकी. कुंडीत दिसतो तो झुबका म्हणजे दाटीने लावलेली सुटी रोपं असतात. ती वेगळी करायला जाऊ नका, मुळं दुखावली की रोप लवकर सावरत नाही. जरा बरा उजेड मिळाला तर घरातही पिवळ्या मण्यांसारखी फुलं धरतो.

केंटिया ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरचा. पाती रुंद, गडद, खाली झुकलेली. कमी उजेड आणि कोरडी हवा दोन्ही निभावून नेतो. वाढ फार संथ, म्हणून मोठं रोप महाग पडतं. जागा मोठी असेल आणि घाई नसेल तरच घ्या.

पाण्याचा नियम तिघांना एकच: वरची बोटभर माती सुकली की द्यायचं, बशीत साचू द्यायचं नाही. हवा कोरडी झाली की पानं उलटून बघा. मागे बारीक जाळी दिसली तर ती कोळीकीड. ओल्या फडक्याने पुसून काढा. आणि झाड उंच झालं म्हणून शेंडा छाटू नका. पामच्या एका बुंध्याला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की तो बुंधा मरतो.