बसरा मोत्यांची पेशवाई नथ : तीन प्रकार, एक परीक्षण

'पेशवाई नथ' या नावाने बाजारात आज तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली तांब्या-पितळेच्या तारेवर सोन्याचं पाणी दिलेली, काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या मण्यांची. दुसरी 22 कॅरेट सोन्याची, कल्चर म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम पिकवलेल्या मोत्यांची. तिसरी जुन्या दागिन्यांतले नैसर्गिक बसरा मोती लावलेली. तिन्ही दिसायला सारख्या, आणि गोंधळ तिथेच होतो. निकाल आधीच सांगतो: नव्याने नथ करायची असेल तर दुसरा प्रकार घ्या आणि पैसे मोत्याच्या नावावर न घालता तारेच्या कामावर घाला. 'बसरा' म्हणून जास्त किंमत मागत असतील, तर प्रयोगशाळेचा दाखला हातात आल्याशिवाय एक रुपयाही वर देऊ नका.

कारण हे मोती आता नव्याने येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते निघायचे बहरीन, कुवेत, कतारच्या उथळ समुद्रात. इराकमधलं बसरा हे व्यापाराचं बंदर, म्हणून ते नाव चिकटलं. आखातातला बराचसा माल मुंबईला यायचा. इथे त्याची निवड व्हायची, वेज (ओवायची भोकं) पाडले जायचे, सर ओवले जायचे आणि मग तो पुण्यापासून पॅरिसपर्यंत जायचा. पेशवाईतल्या सरदार घराण्यांच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या याच मोत्यांच्या. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा सात पदरी हार याच मोत्यांचा. त्यातल्या मोत्यांचा दोन पदरी हार 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 71 लाख डॉलरला गेला, आणि त्या दोन पदरांत मोती होते फक्त 68. खंडेरावांनीच करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 मध्ये दोहाला सुमारे 55 लाख डॉलरला विकला गेला. हैदराबादच्या निजामाचे जे 173 दागिने केंद्र सरकारने 1995 मध्ये 218 कोटींना घेतले, त्यांतही बसरा मोत्यांचा सतलडा, म्हणजे सात पदरी हार, आहे.

हा सगळा धंदा विसाव्या शतकात बसला. जपानमध्ये मिकिमोटो यांनी 1893 मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पुढे गोल कल्चर मोती बाजारात आले, 1929 नंतरच्या मंदीत गिऱ्हाईक आटलं आणि 1932 मध्ये बहरीनला तेल लागलं. पाणबुडे बोटी सोडून तेलाच्या कामावर गेले. म्हणजे आज खरा बसरा मोती दिसतो तो बहुतेक कुणाच्या तरी पणजीच्या दागिन्यातून निघालेला असतो. दुकानदार 'ताजा माल आलाय' म्हणत असेल तर तो बसऱ्याचा नाही, हे धरून चाला.

आता काउंटरवर काय बघायचं ते. दाताला मोती घासून बघणं ही सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा. किरकिर लागली की खरा, गुळगुळीत लागला की खोटा. ती बरोबर आहे, पण अर्धीच. काचेचा आणि प्लास्टिकचा मणी तिच्यात पकडला जातो. कल्चर मोतीही दाताला किरकिरच लागतो, कारण त्याचा वरचा थर त्याच शिंपल्याने घातलेला असतो. 'बघा, दाताला लागतंय' एवढ्यावर बसऱ्याचा भाव देणं हा या खरेदीतला सर्वांत महागडा घोटाळा आहे.

खरी खूण वेजात असते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कुठल्याही सोनाराकडे असतं. नथ उजेडाकडे धरा आणि जिथे मोत्यातून तार बाहेर येते ती कड बघा. नकली मण्याचा लेप वेजाच्या तोंडाशी टवके उडाल्यासारखा सुटलेला दिसतो आणि खालची काच डोकावते. आतमध्ये मणी घालून पिकवलेल्या कल्चर मोत्यात वेजाच्या भिंतीवर एक गडद रेघ दिसू शकते. बाहेरचा थर संपून आतला मणी सुरू होतो ती ही सीमा. ती दिसली की प्रश्न मिटला. नैसर्गिक मोत्यात ही रेघ नसते. थर बाहेरून आत कांद्यासारखे चालू राहतात आणि आत जाताना रंग थोडा पिवळट होत जातो. शिवाय वेज बारीक असतो, साधारण 0.4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी, कारण मोती वजनावर विकला जायचा आणि कारागीर शक्य तितकं कमी कोरायचा. वेज दोन्ही बाजूंनी पाडलेला असल्याने मधोमध किंचित चुकलेलाही असतो. कल्चर मोत्याचा वेज यंत्राचा, सरळ आणि रुंद.

इथे एक मोठी अडचण येते. चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या कल्चर मोत्यांत मणी घातलेलाच नसतो, फक्त शिंपल्याच्या मांसाचा तुकडा रोवलेला असतो. त्यात ती गडद रेघ सापडणार नाही. दोन ते चार मिलिमीटरचे हेच मोती आज नथीत सर्वाधिक दिसतात आणि 'बसरा' म्हणून हेच खपवले जातात. भिंग इथे थकतं. क्ष-किरण चित्रात मध्यभागी वेडीवाकडी पोकळी दिसते, आणि गोड्या पाण्यातल्या मँगनीजमुळे क्ष-किरणांखाली मोती चमकतो. खाऱ्या पाण्यातला सहसा चमकत नाही. ही यंत्रं सोनाराकडे नसतात. मुंबईत जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या रत्नपरीक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत मोत्यांची तपासणी होते. शक्य असेल तर मोती नथीत ओवण्याआधीच पाठवा, कारण सोन्याच्या तारेमागे दडलेला भाग चित्रात नीट येत नाही आणि अहवाल मोघम येतो. दाखल्यावर आणि बिलावर 'नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातला' असे शब्द हवेत. 'ओरिजिनल मोती', 'रिअल पर्ल' या शब्दांना काही अर्थ नाही; कल्चर मोतीही 'रिअल'च असतो.

भावाचा हिशोबही समजून घ्यावा. मुंबईच्या मोतीबाजारात 'चव' या मापाने भाव ठरायचा आणि त्यात वजनाचा वर्ग धरला जायचा. म्हणजे त्याच पाण्याचा (चमकीचा) आणि त्याच घाटाचा मोती दुप्पट वजनाचा असला तर भाव दुप्पट नाही, चौपट. म्हणून नैसर्गिक मोत्यांची नथ घेताना मोठ्या मोत्याचा हट्ट सोडा. अडीच-तीन मिलिमीटरचे, एकसारख्या पाण्याचे मोती घेतलेत तर नथ जास्त देखणी होते आणि खिशालाही झेपते. रंग दुधी-पिवळसर, त्यात गुलाबी झाक असेल तर उत्तम. पांढराफटक आणि सगळे अगदी एका साच्यातले दिसले तर शंका घ्या.

मधल्या लाल खड्याकडे बहुतेक गिऱ्हाईक बघतच नाही. ते माणिक असल्याचं सांगतात. कितीदा तरी ती काच असते किंवा यंत्रात वितळवून बनवलेलं कृत्रिम माणिक. ते कृत्रिम माणिक 1902 पासून लोकांना माहीत आहे, त्यामुळे 'आजीच्या काळची नथ आहे, म्हणजे खडा अस्सल' हा तर्क टिकत नाही. भिंगातून वक्र, समांतर रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर खडा कारखान्यातला. कृत्रिम असला म्हणून नथ वाईट ठरत नाही, फक्त त्याचा भाव खड्याच्या नावाने लावू नये. आणि लाल म्हणजे माणिकच असतं असंही नाही: ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागी बसवलेलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' प्रत्यक्षात स्पिनेल, म्हणजे वेगळंच रत्न, आहे.

खडा बंद कोंदणात आहे का, हे मागून बघा. मागची बाजू सोन्याने बंद असेल तर आत चमक वाढवणारा पातळ वर्ख असतो. त्यात पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो, मग कोंदण उघडून वर्ख बदलल्याशिवाय उपाय नाही. रोज किंवा वारंवार घालायची नथ असेल तर मागून उघडं कोंदण चांगलं.

आता तार. माझ्या मते नथीचं खरं मूल्यमापन इथेच होतं. नाकातून जाणारी तार 0.8 ते 1 मिलिमीटर जाड असावी. त्याहून बारीक तार भोकाला कापत जाते, आणि खाली मोत्यांचं वजन असल्याने भोक ओघळतं. मोती बांधायची तार साधारण 0.3 मिलिमीटरची. ती मोत्यामागे दोन-तीन वेढे घेऊन टोक आत, मोत्याच्या सावलीत दाबलेलं हवं. तपासायला रेशमी पदराची कड किंवा तलम रुमाल नथीवरून चारही बाजूंनी हलकेच ओढा. एखादा धागा जरी अडकला तरी टोक बाहेर आहे, आणि लग्नात शालूची जर तिथेच अडकणार. नथ कानाजवळ हलवून बघा. मोती खुळखुळत असतील तर बांधणी सैल आहे आणि मोती एकमेकांवर घासून वेजाच्या तोंडाशी झिजतील. अगदी करकचून बांधलेली नथही नको, कारण तिथे ताणाने मोत्याला चीर जाते.

नाक टोचलेलं नसणाऱ्यांसाठी चापाची नथ असते. 22 कॅरेट सोनं मऊ असतं, त्यात स्प्रिंगचा गुण टिकत नाही. चार-सहा वेळा घातली की चाप सैल पडतो, मग लोक पकडीने दाबतात, आणि एक दिवस नथ ताटात पडते. चाप 18 कॅरेटचा किंवा चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला मागा, बाकी नथ 22 कॅरेटची राहू द्या. वजन पाच ग्रॅमच्या आत ठेवा. त्याहून जड असेल तर केसात अडकवायचा मोत्याचा सर किंवा दोरा सोबत करून घ्या.

हॉलमार्कबाबत विकणारे अर्धंच सांगतात. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, '22के916' अशी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. तो 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून पडताळता येतो. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू, आणि कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. बऱ्याच नथी नेमक्या याच पळवाटेत बसतात. शिक्का नाही म्हणून नथ खोटी ठरत नाही, पण मग बिलावर सगळं वेगवेगळं लिहून घ्यायला हवं: मोती-खडे वगळून निव्वळ सोन्याचं वजन आणि कॅरेट, मोत्यांची संख्या, वजन आणि जात, खड्यांची जात, घडणावळ, आणि 3 टक्के जीएसटी. मोत्यांसकट वजन करून सगळं सोन्याच्या भावाने लावणारे आहेत. तसं दिसलं की नथ परत ट्रेमध्ये ठेवा.

घरातली जुनी नथ मोडून नवी करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण अस्सल बसरा मोती सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. नव्या नथीची तार जाड असते, जुन्या मोत्याचा वेज बारीक; कारागीर वेळ वाचवायला वेज मोठा करतो. मोत्याचे थर वेजाच्या तोंडाशी तडकतात आणि वर्षभरात पापुद्रा सुटतो. वेजाला हात लावायचा नाही, तारच बारीक घ्यायची, हे काम देतानाच चिठ्ठीवर लिहून द्या. मोती मोजून, मोबाइलवर जवळून फोटो काढून द्या. दुसरी गोष्ट: तुटलेली तार जोडायची असेल तर सगळे मोती आधी उतरवायला लावा. डाग देण्याच्या ज्योतीपुढे मोती तपकिरी पडतो, फुटतो. नंतर नथ तेजाबात टाकली तर विचारूच नका: मोती बहुतांशी चुनखडीच असतो, आम्लात तो विरघळतो. पॉलिशच्या थरथरत्या यंत्रात मोती घालू देऊ नका, पाचू असेल तर मुळीच नको. पाचूच्या भेगांत भरलेलं तेल त्यात निघून जातं.

पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे नकली नथीबद्दल, थोडक्यात. एका दिवसाच्या कार्यक्रमाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती उत्तम आहे, चोरीची भीती नाही. घामाने आणि केसांच्या स्प्रेने मण्यांचा लेप सुटतो, तांब्याच्या तारेने कातडी हिरवी पडते. नुकत्याच टोचलेल्या नाकात ती घालू नये.

नथ सगळ्यात शेवटी घालायची, अत्तर-पावडर-स्प्रे झाल्यावर. आणि सगळ्यात आधी काढायची. काढल्यावर ओल्या मऊ सुती कापडाने पुसून, कोरडी करून मलमलीत गुंडाळा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका. हिऱ्याच्या दागिन्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, मोती मऊ असल्याने ओरखडे पडतात. बँकेच्या लॉकरात प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत वर्षानुवर्षं पडून मोती कोरडे पडतात आणि पाणी जातं. वर्षातून दोन-तीनदा तरी नथ बाहेर काढून घाला, आणि घालताना प्रत्येक मोती बोटाने फिरवून बघा: एखादा सहज फिरायला लागला असेल तर त्याची बांधणी सैल झाली आहे, तो निसटायच्या आत पटवेकराकडे, म्हणजे दागिने ओवून-गाठवून देणाऱ्या कारागिराकडे, द्या.