दहावीची विज्ञानाची दोन्ही पुस्तकं: वर्षभराच्या वापरानंतर

मुलगी दहावीला गेली तेव्हा राज्य मंडळाची ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग 1 आणि भाग 2 ही पुस्तकं घरात आली. आता बोर्ड तोंडावर आलंय. मधल्या महिन्यांत तिच्याबरोबर मीही दोन्ही पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचली. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझं शिक्षण कला शाखेतलं, विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यामुळे हे एका शिक्षिकेचं नव्हे, संध्याकाळी मुलीजवळ बसणाऱ्या आईचं मत आहे.

रचना सगळ्यांना माहीत असेल. भाग 1 मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, भाग 2 मध्ये जीवशास्त्र, पर्यावरण, हरित ऊर्जा, आपत्ती व्यवस्थापन. प्रत्येकी दहा धडे, प्रत्येकी 40 गुणांचा पेपर आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. माझं मत आधीच सांगते: पुस्तकं खरंच चांगली आहेत, बाजारातल्या कुठल्याही गाईडपेक्षा चांगली. पण ‘करून पहा’च्या चौकटी सोडून नुसती प्रश्नोत्तरं पाठ केली तर त्यातला जीवच निघून जातो.

रासायनिक अभिक्रियांच्या धड्यात लोखंडी खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ठेवायचा प्रयोग आहे. काही वेळानं खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग हिरवट व्हायला लागतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं. ही विस्थापन अभिक्रिया. लेकीनं समीकरण लिहिलं, संतुलितही केलं. मग मी तिला बोर्डो मिश्रण (वेलींवर फवारायचं बुरशीनाशक) करताना बागेत घेऊन गेले. 1 टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्यात, नंतर दोन्ही एकत्र. मिश्रण झालं की गडी त्यात स्वच्छ विळ्याचं पातं बुडवून बघतो. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी (वरचं स्वच्छ पाणी) घालायची, नाहीतर पानं करपतात. हे सगळं ती लहानपणापासून बघत आलीय. पण त्या दिवशी ती विळा हातात घेऊन म्हणाली, “आई, हे तर आमचंच समीकरण.” लोखंडाच्या भांड्यात मोरचूद का भिजवत नाहीत, तेही तिनंच मग गड्याला समजावून सांगितलं.

भाग 1 मधला माझ्या सर्वांत आवडीचा धडा ‘उष्णता’. अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचं असंगत आचरण, दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता. शीर्षकं रुक्ष वाटतात, पण आमच्या भागातल्या कुठल्याही बेदाणा उत्पादकानं हा धडा वाचावा असं मला मनापासून वाटतं. 1 ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला 540 कॅलरी लागतात. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो, म्हणजे 3 किलो पाणी हवेत जातं. गुणाकार केला तर 16 लाख 20 हजार कॅलरी! द्राक्षं वाळवायच्या शेडमधल्या तापमानाला तर 540 पेक्षा थोड्या जास्तच लागतात. एवढी उष्णता आपण कुठलीही भट्टी न पेटवता कोरड्या, उबदार, वाहत्या हवेकडून फुकट घेतो. धड्यातला आर्द्रतेचा भाग वाचला की पुढचंही उलगडतं. 40 अंश सेल्सियसची 1 किलो कोरडी हवा सुमारे 49 ग्रॅम वाफ सामावून घेते, 20 अंशाची जेमतेम 15 ग्रॅम. मार्चमध्ये आमच्याकडची हवा तहानलेली असते, म्हणून बेदाणा दोन आठवड्यांत तयार होतो. कोकणात ऊन तेवढंच असलं तरी हवा आधीच भरलेली, तिथं हा धंदा जमणार नाही. आणि शेडमध्ये माल असताना ढग आले की आमच्या घशाला कोरड का पडते, तेही याच धड्यात आहे.

आता माझी मुख्य तक्रार. हवामानबदल हा विषय पुस्तकांत तुकड्या-तुकड्यांनी येतो. कोळसा हरित ऊर्जेत, परिसंस्था पर्यावरणाच्या धड्यात, श्वसन जीवनप्रक्रियांत, वाफेचं गणित उष्णतेत. या सगळ्यांत एकच कार्बन डायऑक्साइड फिरतो, पण तो धागा मुलांच्या हातात कुणी देत नाही. दोन पेपर वेगळे, त्यामुळे वर्गातही भाग 1 आणि भाग 2 वेगळेच शिकवले जातात. आज अवकाळी पावसाचा आणि डावणी या द्राक्षावरच्या रोगाचा मार ज्या घरांना बसतोय, त्या घरांतल्या मुलांना हा विषय सलग मिळायला हवा होता.

आम्ही तो घरी जोडून घेतला. आजोबांच्या पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरची निवळी ग्लासात काढली आणि स्ट्रॉनं हळूहळू फुंकली. (फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. चुना तोंडात जाऊ देऊ नका.) निवळी दुधाळ झाली: उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुन्यापासून झालेलं कॅल्शियम कार्बोनेट. त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडत राहिलं तर तीच निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. समुद्रात जास्त कार्बन डायऑक्साइड मिसळला की शिंपल्यांना आणि प्रवाळांना कवच बांधणं अवघड होतं, त्यामागेही हेच रसायन आहे. हवेतलं त्याचं प्रमाण औद्योगिक क्रांतीआधी दहा लाख भागांत सुमारे 280 होतं, आता 420 च्या वर गेलंय. त्यामुळे हवा तापते, आणि तापली की प्रत्येक अंशामागे ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरते, आणि पाऊस पडतो तेव्हा तो धो धो पडायची शक्यता वाढते. एका ग्लासातून रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि आमच्या बागेवरचं संकट, असा सगळा प्रवास एका संध्याकाळी झाला.

हरित ऊर्जेच्या धड्यात सौरघट छान समजावलाय. सिलिकॉनच्या 1 चौरस सेंटिमीटर घटातून सुमारे 30 मिलिअँपिअर धारा आणि 0.5 व्होल्ट मिळतात. घट मोठा केला तर धारा वाढते, व्होल्ट तेवढेच राहतात. म्हणून 36 घट एकसर जोडले की 18 व्होल्ट. विहिरीवर सौरपंप असलेल्यांनी मुलांना हे पॅनेलसमोर उभं करून दाखवावं.

बाकीचं थोडक्यात. भिंगांच्या धड्यात चिन्हसंकेत पक्के झाल्याशिवाय एकही उदाहरण सुटत नाही, त्यावर वेळ घाला. प्राण्यांच्या वर्गीकरणात पाठांतर फार आहे, मुलं कंटाळतात. अवकाश मोहिमांचा धडा 2018 च्या पुस्तकातला, आमच्या प्रतीत 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरलेलं चांद्रयान-3 नाही. त्याची माहिती वेगळी काढून द्या, मुलं त्या धड्याला एकदम जागी होतात. गणिती उदाहरणं मात्र कमी आहेत. सरावाला मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका लागतातच.

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी एक सुचवते: इंग्रजी पुस्तकाशेजारी मराठी प्रत उघडी ठेवा. दोन्ही बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. लेक अडली की मी मराठीतला तोच परिच्छेद मोठ्यानं वाचते आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. माझा भाचा एमपीएससीची तयारी करतोय, तोही सामान्य विज्ञानासाठी आठवी ते दहावीची हीच पुस्तकं वाचतो. त्याला मी सांगितलंय, सुरुवात उष्णतेच्या धड्यापासून कर आणि चौकटी सोडू नकोस.