झाडाचं सोंग, दगडाचं अंग: ‘हार्टगोल्ड’मधला सुडोवूडो घ्यावा का?

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलरसमोरून उठायची कुणाची हिंमत होत नाही. अशा वेळी जुना डीएस किंवा थ्रीडीएस (निन्टेंडोची हातात धरून खेळायची यंत्रं) बाहेर काढून ‘पोकेमॉन हार्टगोल्ड’ हा खेळ नव्यानं सुरू करणार असाल, तर रूट ३६ वर वाट अडवून उभं असलेलं ते वेडंवाकडं झाड, म्हणजे सुडोवूडो नावाचा पोकेमॉन, टीममध्ये घ्यायचं की नाही, हा प्रश्न येणारच. आमचं मत: घ्या, पण झाड म्हणून नाही, दगड म्हणून. आणि लगेच कामाला जुंपू नका.

सुडोवूडो पहिल्यांदा आला तो १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये. क्रमांक १८५, उंची १.२ मीटर, वजन ३८ किलो. दिसायला झाड असला तरी टाइप (कुणाचा मार कुणाला किती लागतो हे ठरवणारा प्रकार) निव्वळ रॉक. पोकेडेक्स, म्हणजे खेळातला पोकेमॉनचा माहितीकोश, तोही तेच सांगतो: अंगाची घडण वनस्पतीपेक्षा दगडाच्या जवळची, पाण्याचं वावडं, पाऊस सुरू झाला की पसार. हिवाळ्यातही हाताची पालवी हिरवीच राहते, म्हणून सोंग उघडं पडतं. दारात आलेल्या बहुरूप्यासारखंच आहे हे. वेष चोख, पण बारकाईनं पाहणाऱ्याला फसवणं कठीण.

आता आकडे. एचपी (जीव) ७०, अटॅक १००, डिफेन्स ११५, स्पेशल अटॅक ३०, स्पेशल डिफेन्स ६५, स्पीड ३०. अंगाला भिडणारे फिजिकल हल्ले तो मजेत झेलतो आणि परतफेडही दणदणीत करतो. सर्फ, सायकिक, शॅडो बॉल असले स्पेशल हल्ले आले की लवकर ढेपाळतो. आणि स्पीड ३० म्हणजे समोरचा जवळजवळ नेहमीच आधी वार करणार, हे धरूनच चाला. वॉटर, ग्रास, फायटिंग, ग्राउंड आणि स्टील या पाच टाइपांचा मार त्याला दुप्पट लागतो. झाड दिसतंय म्हणून पाण्याच्या पोकेमॉनसमोर बिनधास्त उतरवणारे इथेच फसतात.

पकडायची पद्धत अशी. गोल्डनरॉड शहराच्या जिममध्ये (लढतींच्या आखाड्यात) तिथली प्रमुख व्हिटनी हिला हरवा (तिच्या मिल्टँकनं तोवर नाकी नऊ आणलेलेच असतात), मग त्याच शहरातल्या फुलांच्या दुकानातून स्क्वर्टबॉटल घ्या. रूट ३६ वर जाऊन झाडावर पाणी मारलं की ते अंगावर धावून येतं: लेव्हल २० चा सुडोवूडो. पाणी मारायच्या आधी सेव्ह करा. हे सांगायचं कारण, तो लढाईत बेशुद्ध पडला तर रस्त्यावरून कायमचा जातो. पाण्याच्या किंवा ग्रासच्या मूव्हनं (डावानं) मारला तर हेच होतं, आणि बहुतेकांच्या हातून तेच होतं. टॅकलसारख्या नॉर्मल मूव्ह त्याला अर्ध्याच लागतात, त्यामुळे एचपी हळूहळू खाली आणायला त्या बऱ्या. झोपवायला बेलस्प्राउटची स्लीप पावडर घ्या. ती दर चारातून एकदा हुकते, तेवढी तयारी ठेवा. त्याच बेलस्प्राउटची व्हाइन व्हिप मात्र चुकूनही दाबू नका.

इथे थोडा वेळ घालवला तर पुढे फायदा आहे. पकडल्यावर अॅबिलिटी (अंगचा गुण) बघा. स्टर्डी किंवा रॉक हेड, दोन्हींपैकी एक मिळते. नंतरच्या खेळांमध्ये स्टर्डीमुळे पूर्ण एचपीवरून एका फटक्यात बाद होत नाही, १ एचपी उरतो. ‘हार्टगोल्ड’च्या काळात तसं नव्हतं. तेव्हा ती फक्त एका वारात ठार करणाऱ्या फिशरसारख्या मूव्हपासून वाचवायची, म्हणजे जवळपास बिनकामाची. रॉक हेड असेल तर डबल-एज आणि वुड हॅमरसारख्या १२० ताकदीच्या मूव्ह मारूनही स्वतःला इजा होत नाही. स्टर्डी आली तर एल, आर, स्टार्ट आणि सिलेक्ट एकदम दाबून रीसेट करा नि पुन्हा पकडा. नेचर (स्वभाव) अॅडमंट मिळालं तर सोनंच: अटॅक वाढतो, आणि कमी होतो तो स्पेशल अटॅक, जो तसाही वापरायचा नाही.

आता खरी अडचण. रॉक टाइपचा पोकेमॉन जिथे चमकतो त्या दोन जिम, फॉकनरची फ्लाइंग आणि बग्झीची बग, झाड बाजूला होण्याआधीच संपलेल्या असतात. पुढे मॉर्टीच्या जिममधल्या भुतांना (घोस्ट टाइपना) लो किक आणि फ्लेल लागतच नाहीत, उरतो बिचारा रॉक थ्रो. चक फायटिंगवाला, जॅस्मिन स्टीलवाली. दोघंही सुडोवूडोचं पीठ पाडतात. प्राइसची जिम बर्फाची म्हणून खूश व्हाल, पण त्याच्याकडचे सील आणि ड्यूगाँग पाण्यातले आणि पिलोस्वाइन जमिनीतला. म्हणजे पकडल्यावर सलग कितीतरी जिम तो बाकावर. ‘टाकाऊ आहे’ म्हणून लोक त्याला बॉक्समध्ये ढकलतात ते इथेच.

ते घाईचं ठरतं. तिशीपुढे रॉक स्लाइड येते (ताकद ७५, अचूकता ९०). ब्लॅकथॉर्नमध्ये हार्ट स्केल ही वस्तू देऊन वुड हॅमर आठवून घेता येतो. व्हिक्टरी रोडवर टीएम (मूव्ह शिकवणारं यंत्र) २६, म्हणजे अर्थक्वेक, मिळतो. पण या पिढीत टीएम एकदाच चालतो, तेव्हा टीममध्ये दुसरा हक्कदार नाही ना ते बघूनच वापरा. मग समोर येतो चॅम्पियन लान्स. त्याचे गायराडॉस, तिन्ही ड्रॅगनाइट, एरोडॅक्टिल आणि चॅरिझार्ड, सहाच्या सहा फ्लाइंग. रॉक स्लाइड सगळ्यांना दुप्पट लागते, चॅरिझार्डला चौपट. चॅरिझार्डची आग आणि पंखांचे वार सुडोवूडोला अर्धेच लागतात, म्हणून त्याच्यासमोर हक्कानं उतरवा. गायराडॉससमोर मात्र नको, तो पाण्यातला. ड्रॅगनाइटना आधी दुसऱ्या कुणाकडून पॅरालाइझ करून घ्या, नाहीतर त्यांचे स्पेशल हल्ले आधी येऊन पडतील.

स्विचवाल्यांसाठी एवढंच: २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये हाच प्राणी शत्रू म्हणून जास्त मजा आणतो. आर्टाझॉनचा जिम लीडर ब्रॅसियस आपल्या लेव्हल १७ च्या सुडोवूडोला टेरास्टलनं (लढाईत टाइप बदलायच्या युक्तीनं) खरोखरच ग्रास टाइप करतो. आग किंवा पक्षी पुढे करावा असं वाटेल. तोच सापळा आहे, कारण त्याच्याकडे रॉक थ्रो शिल्लक असतो. फ्लेचिंडरला तर तो चौपट बसतो. पाल्डियातला (याच खेळांच्या प्रदेशातला) वूपर विषाचा आणि जमिनीचा, रॉक थ्रो त्याला पावपटच लागतो. त्याला पॉयझन टेल शिकवून न्या.

मोबाइलवरच्या ‘पोकेमॉन गो’मध्ये ग्रेट लीग या लढतींसाठी काउंटर, रॉक स्लाइड आणि अर्थक्वेक हा संच ठीक चालतो. त्यात बाहेरच्या हवेप्रमाणे टाइपांना जोर मिळतो, आणि रॉक टाइपला तो मिळतो अंशतः ढगाळ हवेत. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ग्रास, फायर आणि ग्राउंडवाल्यांचीच चलती, त्यामुळे फुटाळा तलावाच्या काठानं फेऱ्या मारायच्या तर पावसाळा ओसरल्यावर मारा.

‘हार्टगोल्ड’चं कार्ट्रिज जुनंच घ्यावं लागेल, आणि बर्डीच्या बाजारात काय, ऑनलाइन काय, नकली माल भरपूर. अस्सल कार्ट्रिजमध्ये पोकेवॉकरसाठी (खेळाला जोडायच्या पावलं मोजणाऱ्या यंत्रासाठी) इन्फ्रारेड असतं, म्हणून त्याचं प्लास्टिक काळसर नि किंचित पारदर्शक असतं. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलं की लालसर झाक दिसते. साधं राखाडी, अपारदर्शक असेल तर परत ठेवा. लेबलवरचा चार अक्षरी कोड अमेरिकी आवृत्तीत ‘आयपीकेई’ हवा, ‘सोलसिल्व्हर’ असेल तर ‘आयपीजीई’. दुकानातच खेळ चालू करून सेव्ह करा, बंद करा, पुन्हा चालू करा. आधीच्या मालकाचा सेव्ह असेल तर त्यात झाड बहुधा कधीच हललेलं असणार. शीर्षकाच्या पडद्यावर वरची दिशा, सिलेक्ट आणि बी एकदम दाबून तो पुसा, म्हणजे रूट ३६ पुन्हा अडलेला मिळेल.