चार गावचं नळपाणी: साडेतीन स्टार

नळाच्या पाण्याचा रिव्ह्यू कोण लिहितं काय, म्हणून नवरा हसला. पण तांबड्या रश्श्यावर शंभर जण लिहितात आणि रोज पितो त्यावर कोणच नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरच्या खालच्या अंगाला. वरनं जे काय नदीत येतं ते सगळं आमच्या दारात. उन्हाळ्यात बंधाऱ्याला पाणी तुंबलं की वर केंदाळ, खाली काळं पाणी, आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास सुटला की मासे तरंगायला लागतात. पूर्वी हे सगळं आम्हाला डायरेक्ट नळातनंच कळायचं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आलेली तेव्हा आमचे पाहुणे तिथं होते, त्यामुळं घरात पाण्याची भीती आहेच.

तर आता दीडेक वर्ष झालं, शेजारच्या चार ग्रामपंचायतींनी पाण्यापुरती एकी केलीय. जॅकवेल (नदीतनं पाणी उचलायची विहीर), टाक्या, पाणीपट्टी ज्याचं त्याचं, फक्त खबर, ब्लीचिंग पावडर आणि तपासणी एकत्र. वरच्या गावचा पाणी सोडणारा पहाटे नदीवर जातो, पाणी काळं दिसलं की ग्रुपवर फोटो टाकतो आणि शिवाय फोन पण करतो, मग आमचा माणूस मोटर बंद ठेवतो आणि टाकीत आहे तेवढ्यावर भागवतो. मला विचाराल तर खरी सर्विस हीच, कारण टीसीएलनं, म्हणजे त्या ब्लीचिंग पावडरीनं, जंतू मरतात, मळी काय जात नाही, ते पाणी उचललंच नाही तर वाचलो.

पावडरीचं पण लय भारी केलंय. आधी पंचायतीत टीसीएलचं पोतं ओलीला महिनोन् महिने पडून असायचं, त्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला, आपण नुसता चुना टाकतोय हे कुणाला पत्ताच नाही. आता चार गावात मिळून एक पोतं फोडतात, लगेच संपतं, ताजंच राहतं. आमची गल्ली लाइनच्या शेवटाला, म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची, आमच्या नळावर. परवा आशाताईंनी नळीत पाणी धरलं, दोन थेंब टाकले, पिवळं झालं. म्हणजे शेवटच्या नळाला लागतो तो लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन पोचतोय. पिवळं नाही झालं तर त्या तिथनंच फोन लावतात. प्रयोगशाळेला नमुने पण चारी गावचे एकाच बर्फाच्या डब्यातनं, एकाच गाडीनं जातात, नाहीतर एका बाटलीसाठी कोण जातंय कोल्हापूरला!

आता दीड स्टार का कापला. मोटर बंदचा मेसेज सदस्यांच्या ग्रुपवर पहाटे पाचला, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर साडेसातला, तोवर बायका नळाला ताटकळत. मार्चात दोनदा झालं. आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पावडर जरा जास्तच पडते, सासूबाई म्हणतात चहाला दवाखान्याचा वास येतोय. त्याला उपाय सोपा, रात्री घागर भरून तोंडाला नुसतं फडकं बांधून ठेवायची, सकाळपर्यंत वास जातो. तरी त्या अजून पाच रुपयाचा जार आणायला नातवाला पिटाळतात. त्या जारवाल्याचं पाणी कोण तपासतं, ते विचारलं तर गप्प.