पोरांचा रमजान: अर्धा रोजा की इफ्तारचं काम?

सांगलीत मार्चचं ऊन म्हणजे सांगायलाच नको, त्यात आमची आठ वर्षांची पोरगी सहरीला (रोजा धरण्याआधीचं पहाटेचं खाणं) उठून बसली, मी पण रोजा धरणार म्हणून. आता रोजा फर्ज (म्हणजे बंधनकारक) होतो बालिग झाल्यावर, म्हणजे वयात आल्यावर, पण हौस मोडवेना, मग जोहरपर्यंतचा (दुपारच्या नमाजपर्यंतचा) अर्धा रोजा धरू दिला. रुबाब काय विचारू नका! पण शाळेत पीटीच्या तासाला पार चेहरा उतरला.

इफ्तारचं काम दिलं तर तसलं काही नाही, माणशी तीन खजूर मोजून ताटात लावते (एक तोंडात जातोच), शेजारच्या काकूंकडे कलिंगडाच्या फोडी देऊन येते, आणि हे 29-30 दिवस टिकतं. मला तरी हेच बरं वाटतं, अर्धा रोजा फक्त रविवारी.