लेखातला फापटपसारा: उडवायचा, आटवायचा की हलवायचा?

मराठी विकिपीडियावर गडांचे, गावांचे, संतांचे लेख उघडले की हात छाटणीसाठी शिवशिवतात. एसटीच्या वेळा, जेवणाची सोय, विशेषणांचा पाऊस, अख्खी आरती. पण हे सगळं एकाच कात्रीने कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

थेट उडवणं सगळ्यात झटपट. बसचं वेळापत्रक, लॉजचे फोन नंबर, ‘अवश्य भेट द्या’ हे बेधडक काढा. हयात व्यक्तीवरचा विनासंदर्भ आरोप किंवा दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला मजकूर दिसला, तर क्षणभरही थांबू नका. एरवी मात्र जरा दमानं. काढलेला मजकूर पानाच्या इतिहासात राहतो, हे खरं. पण तिथे जाऊन वाचतो कोण? कामाचं वाक्य गेलं की वाचकापुरतं ते गेलंच.

आटवायला वेळ लागतो, तरी मला हाच मार्ग सर्वांत मोलाचा वाटतो. गडांच्या लेखांत अशी वाक्यं हमखास भेटतात: ‘पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा बलाढ्य माच्यांनी नटलेला, बेलाग बालेकिल्ला मिरवणारा राजगड पाहताच ऊर अभिमानाने भरून येतो.’ हे वाक्य उडवलंत तर तिन्ही माच्या जातील. ‘राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या असून मध्यभागी बालेकिल्ला आहे’ एवढं ठेवलं तर माहिती सगळी राहते, फक्त भारावलेपण जातं.

गावच्या जत्रेची एखादी प्रथा खरी वाटते, पण पुरावा दिलेला नाही. अशा वेळी काढून टाकण्यापेक्षा ‘संदर्भ हवा’ साचा, म्हणजे वाक्यापुढे तशी खूण उमटवणारा तयार तुकडा, बरा. मात्र तो लावून विसरलात तर वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणून चर्चापानावर (लेखाला जोडलेलं चर्चेचं पान) नेमकं काय हवंय ते लिहा. त्या गावचं कुणीतरी वाचेल.

चांगला पण भलत्या जागी पडलेला मजकूर हलवावा. तुकोबांचे पूर्ण अभंग विकिस्रोतावर, म्हणजे मूळ साहित्य साठवणाऱ्या विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पावर, शोभतात. अलीकडच्या कवीची कविता मात्र तिथेही चालणार नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. लांबलचक यादीचा वेगळा लेख केलात, तर मूळ लेखाचं नाव संपादन सारांशात (जतन करताना बदलाबद्दल लिहायची छोटी नोंद) नोंदवा, म्हणजे आधीच्या लेखकांचं श्रेय बुडत नाही.

आणि मार्ग कुठलाही निवडा, एका वेळी एकच विभाग जतन करा. कुणाला आक्षेप असला तर तेवढाच बदल परतवता येतो.