पहिला पीसी जुळवताना प्रोसेसर कोणता: ग्राफिक्सवाला की ‘एफ’वाला?

सगळी यादी ठरते आणि शेवटी एका अक्षरापाशी गाडी अडते. तोच इंटेलचा प्रोसेसर, तेवढेच कोअर, तेवढाच कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी). फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्यात चित्र दाखवणारं आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणून तो थोडा स्वस्त. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायचंच आहे, मग आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला मोजायचे? हिशोब पटण्यासारखा आहे आणि गेमपुरतं बोलायचं तर तो बरोबरही आहे. मी दोन्ही वापरलेत. कार्ड धड चालत असताना मला तरी काडीचा फरक जाणवला नाही.

कार्ड रुसलं की मात्र जाणवतो.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये एफवाला होता. गेम चालू असताना स्क्रीन काळी झाली. रीस्टार्ट केलं तर पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा लागतोय आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून झोपी जातोय. विंडोजच्याही आधी दिसणारी बायोसची स्क्रीनच येत नव्हती, त्यामुळे विंडोजच्या ड्रायव्हरवरचा संशय कमी झाला. पण कार्ड, पॉवर केबल, पीएसयू (वीज पुरवणारा डबा), रॅम, डिस्प्ले केबल हे सगळे रांगेत उभेच. काही मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट असे चार बारीक दिवे असतात, ते बघून निदान दिशा तरी कळते. माझ्या बोर्डावर ते नव्हते. कार्ड काढून पुन्हा बसवलं, ८ पिनची केबल पीएसयूच्या दुसऱ्या सॉकेटला लावली, रॅमची एकेक स्टिक ठेवून पाहिली, सीमॉस क्लिअर केला, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. दर वेळी तोच अंधार. बिघाड एकवेळ परवडला, पण आपण काहीतरी बदललं त्याने काही फरक पडला का, हेसुद्धा दिसू नये याचा फार वैताग येतो. शेवटी मित्राचं जुनं कार्ड मागून आणलं आणि पाच मिनिटांत निकाल लागला: कार्डच गेलं होतं. ते वॉरंटीत गेलं, मित्राचं मित्राकडे परत गेलं, आणि बाकी सगळं ठणठणीत असलेलं मशीन कोपऱ्यात बसून राहिलं. साधा मेल बघायचा तरी फोन.

आताच्या मशीनला आतलं ग्राफिक्स आहे. त्यावरही एकदा ‘नो सिग्नल’ आलं. डिस्प्ले केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावली आणि विंडोज समोर. म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम, प्रोसेसर एका फटक्यात सुटले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच नव्हतं, तेव्हा स्लॉट नाहीतर पॉवर. जड कार्ड वजनाने खाली झुकलं होतं. काढून नीट बसवलं, खालून टेकू दिला, संपलं. (नाव दिसलं असतं आणि पुढे पिवळी खूण, कोड ४३ वगैरे असतं, तर आधी सेफ मोडमध्ये डीडीयू नावाचं टूल चालवून ड्रायव्हर मुळासकट काढला असता.)

एफवाल्याच्या बाजूनेही बोलायला हवं. नवखा माणूस हमखास मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावतो. एफवाल्यावर चित्रच येत नाही, म्हणून गफलत लगेच लक्षात येते. आतलं ग्राफिक्स असेल तर डेस्कटॉप छान दिसतो आणि गेम रांगतो. मग लोक उगाच कार्डाला शिव्या घालत बसतात. शिवाय घरात एखादं जुनं, कसलंही चालू कार्ड पडून असेल तर माझा अर्धा मुद्दा गळतो. त्यांनी खुशाल एफवाला घ्यावा.

एएमडीकडे गणित थोडं वेगळं. २०२२ पासूनच्या रायझन ७००० मध्ये ७५०० एफसारखे अपवाद सोडले तर छोटंसं ग्राफिक्स येतंच. गेमसाठी ते बिनकामाचं, चित्र दाखवायला पुरेसं. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर मात्र आतलं ग्राफिक्स असलेला ५६००जी घेतला तर एलथ्री कॅश साध्या ५६०० च्या ३२ ऐवजी १६ एमबी मिळतो आणि पीसीआयई (कार्ड जोडायचा मार्ग) चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचं. तिथे मी साधा ५६०० घेईन आणि एखादं जुनं कार्ड कपाटात ठेवीन. पण इंटेल घेत असाल आणि मशीन पहिलंच असेल, तर किमतीतला फरक फार नसल्यास माझं मत बिनएफवाल्याला.

बिनएफवाला घेतलाच तर एक काम चित्र दिसतंय तोवर उरकून टाका. बरेच बोर्ड कार्ड लावलेलं दिसलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, आणि मग कार्ड ओळखलं जातंय पण चित्र देत नाहीये अशा वेळी मदरबोर्डचा पोर्टही मुका राहतो. बायोसमध्ये ‘आयजीडी मल्टी मॉनिटर’ किंवा तशाच नावाची सेटिंग असते, ती ‘एनेबल्ड’ करा आणि एकदा केबल तिकडे लावून खरंच चित्र येतंय ना, ते पाहून घ्या.